न्यायमूर्तींशी मी पूर्ण सहमत

२ सप्टेंबर
लॉ कॉलेजच्या वादपटू मंडळाच्या निवड चाचण्या जाहीर. खोट्या खटल्यात वकील व्हायचं, समोर माजी विद्यार्थी न्यायमूर्ती होऊन बसतात. संधी फक्त दुसऱ्या वर्षाला, नंतर दार बंद. माझी निवड झाल्यातच जमा आहे. नवा कोट घेतला. बाह्या जरा लांब आहेत, पण हातवारे भारदस्त दिसतात.

४ सप्टेंबर
बाबांना आमच्या गावी, पडुकाला फोन. 'चाचणी देतोय' म्हणायचं होतं, तोंडून 'मंडळात आहे' असं गेलं. चाचणीपर्यंत खरं होईलच. घाई कशाला?

७ सप्टेंबर
बाबांनी आज चर्चमध्ये सगळ्यांना सांगितलं म्हणे. पाद्रीसाहेबांनी हात मिळवला. टायरच्या दुकानातल्या गिऱ्हाईकांनाही सांगताहेत. आता निवड होणं भागच आहे.

१० सप्टेंबर
खटला वाचला (निम्मा). पोलिसांनी वॉरंट नसताना गाडीची डिकी उघडली. मी गाडीवाल्याचा वकील. वर्गातली मेरिल ऑस्टरमनही चाचणी देतेय. सरावाला बोलावून म्हणाली, "मी न्यायमूर्ती. तू माझ्याशी वाद घाल." मी म्हणालो, न्यायमूर्तींशी कुणी वाद घालतं का? मान डोलवावी, मन जिंकावं. तर म्हणते, "अरे बाबा, ते अडकवायलाच विचारतात. 'हो' म्हणालास की मेलास!"
मेरिल अभ्यासू आहे, पण तिला माणसं कळत नाहीत.

१५ सप्टेंबर
सराव केला नाही. घसा जपतोय. मेरिल जिन्यात भिंतीशी बोलत होती. कीव आली.

१९ सप्टेंबर
चाचणी झाली. जिंकलो!
मधल्या न्यायमूर्ती बाईंनी गोड हसून विचारलं, "गाडीवाल्याने किल्ली आपणहून दिली होती ना?" म्हणालो, "अगदी बरोबर, न्यायमूर्ती महोदया." "म्हणजे त्याची संमती होती?" "पूर्ण होती, महोदया." "मग तुमचं म्हणणं काय उरलं?" मी प्रामाणिकपणे विचार केला. काहीच उरलं नव्हतं. तसं सांगितलं.
वेळ शिल्लक असूनही मला बसायला सांगितलं. पुढे एकही प्रश्न नाही. मेरिलला मात्र शेवटपर्यंत भंडावून सोडलं. बिचारी रडकुंडीला आली होती.

२३ सप्टेंबर
यादी लागली. माझं नाव नाही. टायपिंगची चूक.
मेरिलचं आहे. म्हणजे चुका दोन.

२४ सप्टेंबर
मंडळाची अध्यक्ष ऑक्टेविया ब्रँट हिला भेटलो. म्हणाली, "चूक नाहीये, वेंडेल. तू स्वतःच्या अशिलाला आत घालूनच खाली बसलास." हे जरा लागलं. मग म्हणाली, "पालक-दिनाला आम्ही एक खटला करून दाखवतो. त्यात उलटतपासणीत सगळं कबूल करणारा साक्षीदार हवाय. तुझ्याइतकं कुणाला जमणार?"
म्हणजे माझ्यावाचून मंडळाचं अडलंय. मागच्या दाराने का होईना, आत तर गेलो. लगेच हो म्हणालो.

३० सप्टेंबर
बाबा पालक-दिनाला येताहेत. म्हटलं, लांब पडेल, नका येऊ. म्हणाले, "दुकान बंद ठेवतोय. माझा पोरगा कोर्टात उभा राहणार आणि मी टायर बदलत बसू?" उद्या खरं सांगतो.

१ ऑक्टोबर
फोनवर सांगणं बरं नाही. समोरासमोर सांगतो.

४ ऑक्टोबर
बाबा पहिल्या रांगेत, टाय लावून. मी साक्षीदाराच्या खुर्चीत. वकील मेरिल. "तेव्हा अंधार होता?" होता. "म्हणजे तुम्हाला काहीच दिसलं नाही?" नाही. "तरी पाहिलं म्हणून तुम्ही सगळ्यांना सांगितलंत?" हो. मेरिल सुंदर बोलली. मला तिचा हेवा वाटला आणि स्वतःची फार लाज वाटली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाबांनीही वाजवल्या, माझ्याकडे न बघता.
आम्ही गाडीपर्यंत आलो. दार उघडताना त्यांनी विचारलं, "घेतलंच नाही ना रे तुला?"
"नाही घेतलं," म्हणालो. पुढे सांगायला एकही सबब सुचली नाही.
किल्ली हातात धरून ते म्हणाले, "चर्चमध्ये मी सांगितलंय. माझं मी निस्तरतो. तू कुणाला काही बोलू नकोस." गाडी सुरू करून त्यांनी विचारलं, "भूक लागली असेल ना?"
हो म्हणालो. लागली नव्हती.