नुसते ओठ हलवा

प्रिय बाबा,

तुमच्या लेकीचा सलाम. मी बरी आहे, खोकलाही गेला. पण आज डोकं भणभणलंय.

आमच्या चर्चच्या नव्या गायनमास्तरांनी नाताळच्या गाण्यांना नव्या चाली लावल्यात. मला आवडल्याही. पण तालमीत ते शिवणवाल्या आजींना म्हणाले, "माइकमध्ये तुमचा आवाज चिरका येतो. तुम्ही नुसते ओठ हलवा." चाळीस वर्षं गाणाऱ्या बाईला!

मी म्हणाले, "मग मीही ओठच हलवते." मास्तरांनी गाणं सुरू करायला हात वर केला, तर सगळ्यांनीच नुसते ओठ हलवले. त्या शांततेत आजी एकट्या गायल्या, अगदी सुरात. मास्तरांनी माफी मागितली नाही, माइक तेवढा बाजूला सरकवला.

माझा राग अजून गेलेला नाही. दादा म्हणतो, हल्ली तुम्ही तिकडच्या चर्चमध्ये गाणाऱ्यांत उभे राहत नाही, मागच्या बाकावर बसता. तुम्हाला कुणी काही बोललं का, बाबा?

तुमची,
छकुली