सावरगावचे मुंगवडे

सौंसर,
१४ जानेवारी १९८६

प्रिय सुमन,

सप्रेम जयभीम. बाबा दर रविवारी असतात कुठे, असं तू विचारलंस. शेजारच्या सुधाकरने चहाडी केलेली दिसते. आता माझ्याकडूनच ऐक.

थंडी सुरू झाली तेव्हा डोळे दाखवायला पांढुर्ण्याला निघालो होतो. सावरगावजवळ बस पंक्चर झाली आणि ड्रायव्हर, कंडक्टर दोघेही गायब. शाळेतून पळालेली पोरं शोधण्यात माझी अख्खी नोकरी सरली; मी माग काढत गेलो. एका बोळाच्या टोकाला, घरामागे, चुलीपुढे दोघे मुंगवडे खात बसलेले! ना पाटी, ना बाक. तळणारी यमुनाबाई, माझ्यासारखीच एकटी पडलेली. मीही एक खाल्ला आणि मास्तरकीच्या सवयीने म्हणालो, मीठ कमी आहे. तिने झारा थांबवला. "मंग घरीच खाचे होते, गुरुजी. घरी कोन हाय करून देनारं?" म्हटलं, कोणी नाही. तिने माझ्या द्रोणात आणखी चार वडे टाकले.

ते संपेपर्यंत त्या दोघांनी चाक बदललं आणि बस निघून गेली, माझी पिशवी घेऊन. मी धोतर सावरत धावलो, हात हलवले, शेवटी परत आलो, तर बाई पदर तोंडात कोंबून हसत होती. राग यायला हवा होता. पण सुमे, तुझी आई गेल्यापासून मला असं कोणी हसलंच नव्हतं.

तेव्हापासून सावरगाव मला कुठेही जाताना वाटेत लागतं. गेल्या महिन्यात नागपूरला निघालो, तोही तिकडूनच. कंडक्टर म्हणाला, "गुरुजी, नागपूर इकडून नाही जात." म्हटलं, "माझं जाते." आता तो न विचारता सावरगावचं तिकीट फाडतो.

परवा धीर करून यमुनाबाईला विचारलं, सौंसरला चालता काय? तिने अख्खा घाणा काढला, दुसरा सोडला. तोवर माझा जीव कढईत. मग म्हणाली, "तळाले नाही येनार. राहाले येतो. पन पयले पोरीले इचारा. तिच्या मनात नसन तं मी उंबऱ्यात पाय नाही ठेवनार." तुझ्या आईचा फोटो आहे तिथेच राहील, हेही तिनेच बजावलं. म्हणून हे पत्र. तू ये. नाही म्हणायचं असेल तर अवश्य म्हण, पण तिच्या चुलीपुढे बसण्याआधी म्हण. नंतर तुला जमणार नाही.

तुझाच,
बाबा