शोकेसमधली मस्कादे

शनिवार संध्याकाळ, स्टॅनमोर

आज पापलेट तळलं आणि ती फ्रेंच व्हाइट वाइन, मस्कादे, शेवटी मीच उघडली. फ्रान्सला गेलो तेव्हा ती बनवणाऱ्या बाईंनी स्वतः हातात देऊन बजावलं होतं, ताजी असतानाच प्या, माशाबरोबर. तिथे चाखली तेव्हा काय चव होती! लिंबू, हिरवं सफरचंद, मागून किंचित खारट. पण नवरोबांनी ती शोकेसमध्ये मांडली. खोली तापवणाऱ्या रेडिएटरच्या वर! म्हणे पाहुणे आले की काढू. पाहुणे काय कमी आले? दर वेळी, "या लोकांना कशाला? कोणी खास येऊ दे." तीन हिवाळे, रेडिएटरच्या वर...

आज ग्लासात नुसतं पिवळं, आंबट पाणी. रडूच यायचं बाकी होतं. नवरोबांनी एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि म्हणाले, "बघ, बरं झालं पाहुण्यांना दिली नाही."