बाबांच्या खुणा आणि माझी कानस

तीर्थस्वरूप दादांना, तुमच्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचा साष्टांग नमस्कार.

(साष्टांग हा शब्द रीत म्हणून लिहिलेला नाही. यंत्राखाली वाकून वाकून कंबर धरली आहे, त्यामुळे हे पत्र सतरंजीवर पालथा पडूनच लिहितोय.) तुमचा खोकला कसा आहे? वहिनींचा गुडघा? रंधा मारून तुमच्या लेकीच्या हाताला आता घट्टे पडले का? पडले असतील तर माझ्याकडून शाबासकी द्या. इकडे सर्व कुशल आहे असं लिहायची पद्धत आहे, म्हणून त्या वाक्यापुरती जागा मोकळी सोडतो.

पत्राचं कारण तुमचं यंत्र. सुतारकामाच्या दुकानाचं छप्पर उतरवलंत तेव्हा तुम्ही ते आमच्या मागच्या खोलीत आणून ठेवलंत आणि दोनच गोष्टी सांगितल्यात: झाकून ठेवा, आणि हात लावू नका. छप्पर झालं की लेक ट्रक घेऊन येणार, यंत्र नेणार आणि तुमचे बाबा करायचे ती खुर्ची पुन्हा बनवायला घेणार. बाबा गेल्यापासून ती खुर्ची कोणी केलेली नाही, हे सांगताना तुमचा आवाज जरा बसला होता. ते माझ्या नीट लक्षात राहिलं. ‘हात लावू नका’ एवढंच नेमकं विसरलो.

आता तुम्हीच सांगा, करवत, रंधा, भोकं पाडायचं, खाचा पाडायचं असं सगळं एकाच धुडात कोंबलेलं यंत्र घरात येऊन बसलंय आणि निवृत्त माणसानं रोज त्याच्या शेजारून नुसतं जायचं? पहिल्या दिवशी चादर उचलून पाहिली. दुसऱ्या दिवशी पट्टा ओढून पाहिला. मग रॉकेलची बाटली, तारेचा ब्रश, काचपेपर आणि कानस अशी सगळी वऱ्हाडी मंडळी जमत गेली. बेअरिंग अडकलं होतं ते सोडवलं, दोन बोल्ट आटे गेलेले होते ते बदलले, पट्टा नवा घातला. (हे सगळं मी स्वतः शिकलो. कोणी शिकवलं असतं तर एवढे दिवस लागले नसते आणि एवढं बोटही चेचलं नसतं.) खरं सांगतो दादा, मोटर सुरू केली आणि ते गुरगुरत जागं झालं, तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं. भुसाही गेला होता, पण पाणी आधी आलं.

इथे थांबलो असतो तर आज उताणा पडून झोपलो असतो. पण मला यंत्राचं वय काढायची हुक्की आली. रंग खरवडला तर खाली दुसरा, त्याखाली तिसरा: राखाडी, निळा, हिरवा, तांबडा. झाडाचं वय कड्यांवरून काढतात, तसं मी यंत्राचं रंगांवरून काढलं. एक रंग पाव शतक टिकतो असं धरलं आणि (कोणी धरलं विचारू नका) शतक पुरं झालं. त्यात मेजाच्या पोटाशी बिडात ओतलेला आकडा सापडला, १९०७. मी उडालोच. पुढे पायावर १९०८ निघाला आणि रंध्याच्या झाकणावर १९११. त्यावरून मी निष्कर्ष काढला की त्या काळी कारखाने घाई करत नसत, एकेक भाग सवडीनं करत. मग उंची बदलायच्या मुठीखाली २३१६ सापडला. तेव्हा मात्र घाम फुटला, कारण त्या हिशेबानं मूठ अजून घडायची होती. ते सुट्या भागांचे नंबर असावेत अशी शंका मनात आली. मी तिला पाणीसुद्धा विचारलं नाही. मुठीवर जाड ऑइलपेंट फासून मोकळा झालो.

शेजारचे मास्तर म्हणाले, शंभरी पार केलेल्या यंत्राचं प्रात्यक्षिक झालंच पाहिजे. रविवारी सकाळी गल्लीतली सगळी रिकामी माणसं मागच्या खोलीत उभी होती. मी छातीला रुमाल लावून बोलत होतो. आपल्या आजोबांच्याही आधीच्या कारागिरांनी या मेजावर हात फिरवला असेल, असं म्हणून मी नाट्यमय थांबलो आणि नेमकी तेव्हाच तुमची बहीण चहाचा ट्रे घेऊन आत आली.

“कुणाचे आजोबा?” ती म्हणाली. “हे आलं तेव्हा मी चौथीत होते. त्याच्या खोक्याच्या फळ्यांचा बाबांनी मला झोपाळा केला होता.”

मास्तरांनी कप उचलला तो तोंडासमोरच धरून ठेवला. मी रंगांचा पुरावा पुढे केला. तिनं खरवडलेल्या जागेवर बोट ठेवलं. “हा हिरवा माझ्या माहेरच्या खिडक्यांचा. हा निळा दादाच्या सायकलचा. घरात रंग उरला की बाबा याला फासायचे, वाया जायला नको म्हणून.” काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो मी पुरा केला, दादा. साक्षीदार घरात रोज माझ्यासमोर भाजी चिरत होती आणि मी गंजात पुरावे शोधत होतो. “यंत्र शंभर वर्षांचं, म्हणजे वहिनी तुम्ही...” असं कोणीतरी सुरू केलं. सगळे हसले, मीही हसलो. एवढ्यावर निभावलं असं मला वाटलं.

पण तिचा हात मेजावरून फिरत फिरत कडेपाशी आला आणि तिथेच राहिला. “बाबांच्या खुणा कुठायत?” तिनं विचारलं.

दादा, त्या कडेवर ओरखडे होते. मांजरानं नखं घासल्यासारखे, काही उभे, काही तिरपे. तुमच्या घरातल्या चांगल्या वस्तूवर असले ओरखडे मला बघवेनात. मी आधी कानस चालवली, मग काचपेपर. तिथे आता तोंड दिसतं. (माझं दिसतं, आणि ते बघवत नाही.) तिनं मला हळू आवाजात सांगितलं की बाबांनी खुर्चीसाठी टेप कधी धरला नाही. लाकडाची पट्टी या खुणेला लावली की पाय, त्या खुणेला लावली की हात, तिरप्या खुणेला पाठ. खुर्ची कागदावर कुठेच नव्हती, त्या कडेवर होती. एवढं सांगून ती कप गोळा करून आत गेली. ओरडली असती तर बरं झालं असतं. दोन दिवस ती माझ्याशी अगदी नीट वागतेय, तुम्हाला तुमची बहीण ठाऊकच आहे.

लेकीला काय तोंड दाखवू? तुम्ही विश्वासानं ठेव ठेवलीत आणि मी यंत्राला आंघोळ घालता घालता त्याचं बोलणंच धुऊन टाकलं. जोडे हाणायचे असतील तर कंबर सुधारेपर्यंत थांबा, वाकून घेता आले पाहिजेत.

तुमचा अपराधी,
यंत्राच्या वयात चुकलेला, स्वतःच्या वयालाही न शोभलेला मेहुणा

ता. क. ट्रक एवढ्यात पाठवू नका. लेकीला सांगा रस्ता खराब आहे.

ता. क. दुसरा. खुणा परत येतील! लग्नात बाबांनी दिलेली खुर्ची आमच्याकडे आहे, हे तुमच्या बहिणीला आज सकाळी आठवलं. कुठे आहे म्हणून आम्ही घर शोधलं. मी त्याच खुर्चीवर बसून खुणा घासल्या होत्या. तिच्यावरून पाठ, हात, बैठक सगळ्यांची मापं घेतली. खुणा बाबांसारख्याच खिळ्यानं पाडायच्या, पण खिळा तुमच्या बहिणीच्या हातात असेल. मला फक्त दिवा धरायची परवानगी आहे.

ता. क. तिसरा. पायांचं माप तेवढं तुम्ही तुमच्याकडच्या बाबांच्या खुर्चीवरून घेऊन पाठवा. यंत्राखाली नजर पोचावी म्हणून गेल्या महिन्यात मी आमच्या खुर्चीचे पाय दोन बोटं कापलेत. (तुमच्याच करवतीवर. काप सुरेख आला.) ती म्हणत होती, अलीकडे तुम्ही खुर्चीत बुटके दिसता. मी म्हटलं, वय झालं.

ता. क. शेवटचा. पाकीट बंद करायच्या आधी तुमच्या बहिणीनं पत्र वाचायला घेतलं. आत्ता ती तिसऱ्या ता. क.वर आहे. (हे पाकिटाच्या पाठीवर लिहितोय.) रस्ता उत्तम आहे. ट्रक आजच पाठवा आणि यंत्राशेजारी एका माणसापुरती जागा ठेवा.