धरणवीराची बाजू

२ मार्च, शनिवार. संध्याकाळ.
आज वाचक मंडळात माझा अपमान झाला नाही. तसे कोणाला वाटले असल्यास तो त्यांचा समज आहे.

वस्तुस्थिती नोंदवून ठेवतो. वाचनालयाच्या मागच्या खोलीत दर शनिवारी आम्ही दहा-बारा जण जपानी सुपरहीरो मँगा, म्हणजे तिकडच्या चित्रकथा, वाचतो आणि त्यावर चर्चा करतो. सध्या एका धरणवीराची कथा चालू आहे. हा गृहस्थ नुसत्या हातांनी पूर अडवतो. शहर त्याला डोक्यावर घेऊन नाचते. घरी त्याची एक मुलगी आहे, तिला सगळे थेंब म्हणतात. बापाची शक्ती तिच्यातही उतरली आहे. म्हणून बाप तिला सरावासाठी रिकाम्या टाकीत उतरवतो आणि वरून झाकण लावतो. हुकमापलीकडे तिच्याशी बोलत नाही. आई खिडकीशी उभी असते आणि काहीच बोलत नाही.

एवढ्या भांडवलावर मंडळाने धरणवीराला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले आहे. दंतवैद्य म्हणाले, हा छळ आहे, उगाच गोड नावं देऊ नका. काहींनी गप्प राहणाऱ्या आईलाच दोष दिला, त्यावर रुग्णालयातल्या सिस्टर म्हणाल्या, झाकण लावतो तो आणि तुम्ही सगळे चिडता त्या बाईवर, कमाल आहे तुमची! मग माझी लेक बोलू लागली. तिचे वय सोळा. ती बोलत असतानाच मला एक अत्यंत उपयुक्त संदर्भ आठवला, तो मी मांडला. जरा लांबला. ग्रंथपाल बाई पंखे बंद करू लागल्या तेव्हा मी दुसऱ्या मुद्द्यावर होतो.

घरी येताना लेक पुढे पुढे चालत होती. विचारले, तुझं काही राहिलं का गं सांगायचं? म्हणाली, राहू दे बाबा, शिळं झालं आता.

तेव्हापासून पुस्तकाचा विषय तिने काढलेला नाही. तिला अक्षरे लागत नव्हती तेव्हापासून आम्ही एकत्र वाचत आलो आहोत. तिने पुन्हा माझ्याशी पुस्तकांवर बोलावे, मला एवढेच हवे आहे. त्यासाठी उपाय उघड आहे: तिची एकही शंका शिल्लक राहणार नाही असे सविस्तर व्याख्यान.

४ मार्च.
योग जुळून आला. महिनाअखेरीस मंडळाची विशेष बैठक आहे. विषय: 'सुपरहीरो मँगातले आईबाप: वाचकांना काय दिसते?' प्रत्येक वक्त्याला अर्धा तास. ग्रंथपाल बाईंना फोन करून पहिला क्रमांक मागून घेतला. बाई म्हणाल्या, अर्धा तास म्हणजे अर्धाच हं. मी म्हटले, बाई, मी धुलाई यंत्रांच्या माहितीपुस्तिका लिहितो. आटोपशीरपणा हे माझे पोट आहे.

आधी हे करा, मग ते करा, अमुक केल्याशिवाय तमुक करू नका: क्रमाने समजावणे हेच माझे आयुष्य. माणसाला जाळी साफ करायला शिकवता येते, तर धरणवीर का समजावता येऊ नये?

६ मार्च.
वाचकांचे वर्गीकरण पूर्ण. एक, फिर्यादी. यांना बाप दिसला की कलम दिसते. दोन, वकील. बापाच्या बालपणाचे एक दुःखी पान सापडले की यांच्या लेखी खटला निकाली. तीन, जखमी. हे थेंबच्या घरात स्वतःचे घर बघतात आणि पान उलटायचे विसरतात. तिसऱ्या प्रकाराबद्दल मला मनापासून सहानुभूती आहे, परंतु घर आणि ग्रंथ यांची गल्लत शास्त्राला मान्य नाही. मी स्वतः कोणत्याच प्रकारात मोडत नाही. कोणीतरी तटस्थ हवाच.

९ मार्च, शनिवार.
मंडळ. लेक माझ्याशेजारी बसली नाही. समोरच्या रांगेत गेली. म्हणाली, तिथून फळा नीट दिसतो. त्या खोलीत फळा नाही.
विचलित झालो नाही.

११ मार्च.
सापडले! पाचव्या खंडात एक निःशब्द पान आहे. संवाद नाही, नुसती एका ओळीत चार चित्रे. टाकीचे बंद झाकण. झाकणावर बापाचा हात. उघडी टाकी. आणि शेवटी थेंबला दोन्ही हातांवर उचलून घेतलेला धरणवीर, तिचे डोके त्याच्या खांद्यावर.

म्हणजे तो परत येतो. स्वतःच्या हाताने झाकण काढतो. लेकराला उचलतो. हा पश्चात्ताप नाही तर काय आहे? जगभरचे चाहते याच्या नावाने बोटे मोडतात आणि हे पान कोणाच्या नजरेस पडत नाही! माझ्या व्याख्यानाचा कळस ठरला. पान पडद्यावर दाखवीन. दंतवैद्यांचा चेहरा आत्ताच डोळ्यांपुढे येतो आहे.

१४ मार्च.
लेक दाराशी आली. म्हणाली, बाबा, संध्याकाळी थोडा वेळ आहे का? तिला रविवारचे सांगितले. इलाज नव्हता. 'वेळ न देणारा बाप: एक गैरसमज' हे प्रकरण ऐन रंगात होते.

१७ मार्च, रविवार.
पडद्यासाठी आकृत्या केल्या. धरणवीराच्या दिवसाचे तासवार कोष्टक: पूर, पूर, भूकंप, सत्कार, पूर. यात मुलीसाठी वेळ कुठून काढणार, हे कोणीही दाखवून द्यावे.
दुपारी सौ. म्हणाली, पोरगी बाथरूममध्ये एकटीच बोलत असते, कानावर आलं का तुझ्या? मी म्हटले, तिथे आवाज छान घुमतो, मीही तिथेच सराव करतो. सौ.ने माझ्याकडे बराच वेळ पाहिले. बहुधा प्रभावित.
लेकीचे राहिले. पुढच्या रविवारी नक्की.

२३ मार्च.
सौ.समोर रंगीत तालीम. तिने डोळे मिटून लक्षपूर्वक ऐकले. शेवटी जरा हलवावे लागले. मग विचारले, त्या मेल्याची एवढी वकिली का करतोयस तू? कोण लागतो तो तुझा? मी म्हटले, प्रश्न त्याचा नाही, सत्याचा आहे. म्हणाली, बरं, मग येताना सत्याला दूध आणायला सांग.

२४ मार्च, रविवार.
व्याख्यान थोडे लांबते आहे. उदाहरणे कापणे म्हणजे बोटे कापणे. काही कापले नाही. जलद बोलेन.
लेक मैत्रिणीकडे गेली होती. म्हणजे तिलाच वेळ नव्हता. नोंद असू द्यावी.

३० मार्च, शनिवार.
बैठक झाली. यशस्वी म्हणायला हरकत नाही. तपशील शांतपणे लिहितो.

खोली भरलेली. वर्गीकरणाला लोक हसले, योग्य ठिकाणी. कोष्टकाला सिस्टर हसल्या, अयोग्य ठिकाणी. ग्रंथपाल बाईंनी घड्याळाकडे बोट दाखवले, मी मान डोलावली. पुन्हा दाखवले, पुन्हा डोलावली. मग पडद्यावर ते पान आणले आणि एकेक चित्र छडीने दाखवत गेलो: झाकण, हात, उघडी टाकी, मिठी. म्हटले, यापुढे ज्याला हा बाप निष्ठुर वाटतो त्याने हात वर करावा.

दंतवैद्यांनी केला. पण तेवढ्यावर थांबले नाहीत. ते उठून पडद्याजवळ आले आणि दाढ काढताना बोलतात तशा हळू आवाजात म्हणाले, साहेब, मँगा उजवीकडून वाचतात.

मी म्हटले, मला शिकवता? नऊ वर्षे वाचतो आहे.

ते म्हणाले, हो ना, मग हेही तसंच वाचा की.

आणि त्यांनी ती चित्रे उजवीकडून दाखवली. बाप थेंबला उचलून नेतो आहे. टाकी उघडी आहे. झाकणावर हात. झाकण बंद.

 मागून एक आजोबा पुटपुटले, अरे देवा, ती त्याच्या खांद्यावर झोपलीय आणि हा तिला तिकडे घेऊन चाललाय.

शब्द असतात तेव्हा माझा डोळा आपोआप उजवीकडून जातो. तिथे शब्द नव्हते, तो आपल्या मराठी वळणाने डावीकडून गेला. बस, एवढेच घडले. मी तात्काळ सावरलो आणि ही चूक कोणत्या परिस्थितीत होऊ शकते ते सोदाहरण समजावून सांगितले. त्यात आणखी बराच वेळ गेला. खोली रिकामी करायची असल्यामुळे नंतरच्या वक्त्यांपैकी शेवटच्याला संधी मिळाली नाही. शेवटची वक्ता लेक होती. तिने नाव दिले होते हे मला कोणी सांगितले नव्हते.

३१ मार्च, रविवार. सकाळ.
माघार घेण्याचे कारण दिसत नाही. चार चित्रे उलटी वाचली तर अर्थ उलटा होतो, हा दोष वाचकाचा की चित्रकाराचा? माझ्या एखाद्या पुस्तिकेत पायऱ्या उलट्या वाचून कोणी यंत्र बिघडवले, तर कंपनी मला जाब विचारते, गिऱ्हाईकाला नाही. खुलाशाचा लेख आजच सुरू करतो. मंडळाच्या ग्रुपवर टाकीन, भागाभागांनी.

३१ मार्च. दुपार.
सौ. रागावली आहे. म्हणाली, महिनाभर ती पोर त्या अर्ध्या तासाची तयारी करत होती. बाथरूममध्ये काय गाणी म्हणत होती वाटलं तुला? तुला आधी ऐकवायचं होतं तिला, दोनदा आली होती तुझ्याकडे. मी म्हटले, एकदा. तिने हातातला टॉवेल खुर्चीवर टाकला आणि गेली.

ठीक आहे. प्रश्न आहे तर उपायही आहे. मंडळाने तिचा अर्धा तास घेतला, तो मी घरी परत देईन. पूर्ण अर्धा तास, विनाव्यत्यय. लेखन बाजूला. फोन बंद. तिला तसे रीतसर कळवले. म्हणाली, नको रे बाबा. मी म्हटले, अगं, मी तुझ्यासाठीच वेळ काढलाय. म्हणाली, बरं.

३१ मार्च. संध्याकाळ.
बैठकीच्या खोलीत मी खुर्चीवर, ती समोर उभी. हातात कागद नव्हता. पाठ केले होते.

ती म्हणाली, मला वाटतं, थेंबला टाकीपेक्षा जास्त याचं दुःख होतं की ती आतून हाक मारते आणि बाबाला ऐकू येत नाही.

सुरुवात उत्तम होती. फक्त सातव्या खंडात स्पष्ट म्हटले आहे की धरणाच्या आवाजाने त्याचे कान निकामी झालेले असतात, तेव्हा ऐकू न येण्यात त्याचा हेतू नाही. एवढी एकच दुरुस्ती मी केली. तीही प्रोत्साहनपर स्वरात.

तिने माझ्याकडे पाहिले. चिडली नाही. चिडली असती तर मला उत्तर देता आले असते. म्हणाली, झालं, बाबा. भाषण संपलं.

मी म्हटले, अगं, अजून सगळा वेळ शिल्लक आहे.
म्हणाली, तो तू घे.

मग आत गेली. मी खुर्चीवर बसून राहिलो. म्हटले, येईल परत, वेळ तिचाच आहे. थोड्या वेळाने स्वयंपाकघरातून तिचा आवाज येऊ लागला. सौ.ला तेच भाषण ऐकवत असावी, कारण मध्ये मध्ये थेंबचे नाव येत होते, आणि सौ. मध्येच म्हणत होती, मग? मग गं? बराच वेळ चालले. शेवटी दोघी हसल्या. कशावर हसल्या ते विचारायला उठलो, दारापर्यंत गेलो.

मग वाटले, मी विचारले की थांबतील.