‘हं’साठी थांबलेल्या बायका

प्रिय सूनबाई,

समारोपाच्या कार्यक्रमात आपला गट आहे. शनिवारी संध्याकाळी, मोठ्या मैदानावर. आज सकाळी नाश्त्याच्या रांगेत आयोजन समितीच्या बाईंनी मला गाठून स्वतः सांगितलं. मी त्यांना ते पुन्हा सांगायला लावलं, कारण तोवर आपल्या गटातल्या दातांच्या डॉक्टर चहा घेऊन आल्या आणि मला साक्षीदार हवा होता. कसरतींच्या या मेळाव्याला इतक्या देशांचे इतके गट आलेत आणि समारोपाला त्यातले मोजकेच. त्यात आपण! डॉक्टरांनी हातातला चहा माझ्या ट्रॅकसूटवर सांडला आणि सॉरी म्हणायचंही विसरल्या.

गुडघा कसा आहे? टाके दुखत असतील तर सहन करत बसू नकोस, गोळी घे. लेकाने केलेला स्वयंपाक गोड मानून घे. मीठ जास्त पडलं तर बोलू नकोस, उत्साह मोडेल. कमी पडलं तर मात्र सांग.

आम्ही इथे एका शाळेत उतरलोय. पहिलीचा वर्ग आहे. बाकं भिंतीला सरकवून खाली हवेच्या गाद्या घातल्यात. बेसिनं लहान मुलांच्या उंचीची, त्यामुळे दात घासायचे म्हणजे सकाळीच कमरेतून वाकण्याचा व्यायाम. आपल्या पोस्टातल्या मावशी म्हणाल्या, “आपल्या मॅडमनीच सांगून ठेवलं असणार, सोडायचं नाही म्हणून.” शेजारच्या वर्गात आपल्याच वयाच्या परदेशी बायका आहेत. त्यांना मी खुणांनी आणि मोडक्यातोडक्या शब्दांनी समजावलं की आमची शिक्षिका माझी सून आहे, घरी ती मला आई म्हणते आणि क्लबच्या हॉलमध्ये मी तिला मॅडम म्हणते. सगळ्या एकदम हसल्या. म्हणजे सासवा तिकडेही असतात.

आणि इथे खरोखरच नंबर नाहीत, पदकं नाहीत, परीक्षक नाहीत. तू सांगितलं होतंस तेव्हा माझा विश्वास बसला नव्हता. जग एवढ्या लांबून येतं, कसरती करतं, एकमेकांची गाणी ऐकतं, नाच बघतं, टाळ्या वाजवतं आणि घरी जातं. काल पाहिलं, माझ्याहून मोठे आजोबा चेंडूवर पालथे पडून पोहल्यासारखे हात मारत होते आणि अख्खं सभागृह उभं राहिलं होतं.

आपल्या क्लबच्या सेक्रेटरींना हे दाखवायला हवं होतं. आठवतं ना, तू चादरींच्या कसरतीची कल्पना मांडलीस तेव्हा काय म्हणाले होते? “जगातले लोक रिबिनी नेतात, चेंडू नेतात, आणि तुम्ही काय धुणं नेणार?” तू म्हणालीस, “हो, वाळलेलं.” मी मागच्या खुर्चीत बसले होते. हसू दाबताना मला ठसका लागला. पण खरं सांगते, कल्पना मलाही कळली नव्हती. गच्चीवर आपण दोघी चादरीची घडी घालायचो तेव्हा तू मधेच थांबून बघत राहायचीस. “आई, तुम्ही मनगटातून नाही, खांद्यातून झटकता. परत करा ना.” मला वाटायचं, ही माझ्या घडीला नावं ठेवतेय. पुढे त्याच झटक्याचा तू सगळ्यांकडून पहिला प्रकार करून घेतलास. समोरासमोर येऊन कोपऱ्याला कोपरा लावणं हा दुसरा. आणि शेवटी मावशींना चादरीत आडवं करून, चहूबाजूंनी धरून, डोक्याच्या वर उचलणं. दोन वर्षं घातलीस त्यात. कुणाचा खांदा धरलाय, कुणाच्या घरी आजारपण आहे, कुणाला उजवं-डावं कळत नाही, सगळं सांभाळून.

आणि निघायच्या आठवड्यात, शेवटची तालीम संपल्यावर, चटया उतरवताना जिन्यावर तुझा पाय घसरला.

हाडांच्या डॉक्टरांनी उड्या कायमच्या बंद सांगितल्या, ते तू शांतपणे ऐकलंस. घरी आल्यावर लेकाला म्हणालीस, “जिला करून दाखवता येत नाही, तिने शिकवू नये. आल्यावर गट दुसऱ्या कुणाकडे द्यायला सांगते.” मी तिथेच शेकायची पिशवी घेऊन उभी होते. तुझ्या मैदानातलं मला काय कळतं, असं वाटलं. सेक्रेटरींनी मुलांच्या वर्गाचा तरुण शिक्षक आमच्याबरोबर धाडला, आणि परतल्यावर गट त्याच्याकडेच जाणार हे सगळे धरून चालले. बायकांनी विमानातच, गळ्यातल्या शिट्टीवरून, त्याचं नाव ‘शिट्टी’ ठेवलं. पोरगा गुणी आहे. आमच्या बॅगा उचलतो, वर “काकू, औषध घेतलं का?” विचारतो.

आता इथली पहिली तालीम ऐक. सभागृह प्रचंड, जमीन आरशासारखी. संगीत सुरू झालं. झटकणं छान झालं, घड्या छान झाल्या. मावशी चादरीत आडव्या झाल्या, आम्ही सगळ्यांनी काठ धरले. संगीत वर चढलं, उतरलं, संपलंसुद्धा. आम्ही वाकलेल्याच. एकीनेही उचललं नाही! मावशी जमिनीवर पडल्या पडल्या ओरडल्या, “जन्मभर लोकांची पार्सलं उचलली, आज माझं पार्सल कुणी उचलेना!”

शिट्टी घाबरला. म्हणाला, मी मोठ्याने आकडे मोजतो, आठाला उचला. त्याने मोजले. अर्ध्या जणींनी आठाला उचललं, अर्ध्या थांबल्याच, आणि मावशी घरंगळत डॉक्टरांच्या पायाशी. नशीब, लागलं नाही. मग त्या पोराने फार शहाणा प्रश्न विचारला. “काकू, तुम्ही सगळ्या नक्की कशाची वाट बघताय?” आम्ही एकमेकींकडे बघितलं. शेवटी डॉक्टर म्हणाल्या, “इथे मॅडम काहीतरी म्हणायच्या.” “काय म्हणायच्या?” “काही नाही हो. नुसतं... हं.”

सूनबाई, तुला स्वतःला तरी ठाऊक आहे का? उचलायच्या आधी तू श्वास घेतेस आणि हलकंच “हं” म्हणतेस. तो हुकूम नाही, होकारही नाही. ‘मी आहे, आता उचला’ एवढाच त्याचा अर्थ. दोन वर्षं आम्ही संगीतावर नाही, त्या ‘हं’वर उचलत होतो, आणि तो नाही म्हटल्यावर आमचे हात हलेनात. पुन्हा सांगते, हात हलेनात. तू करून दाखवत नव्हतीस म्हणून नव्हे. ते उचलणं तू आम्हाला कधी करून दाखवलंच नव्हतंस, एकटीला येणारच कसं? तू बाजूला उभी राहून सांगत होतीस.

मग ‘हं’ कुणी म्हणायचा यावर चर्चा. डॉक्टरांनी म्हणून पाहिला; मावशी म्हणाल्या, “हा दाढ काढण्याआधीचा वाटतोय.” शिट्टीचा फार खणखणीत झाला. शेवटी माझ्यावर आलं. मी तो रोज ऐकते ना! दुधाचं पातेलं उतरवताना, स्कूटर स्टँडवरून काढताना, रागावलेल्या नवऱ्याशी बोलायला खोलीत शिरताना. तो किती लांब, कुठे तुटतो, मला पाठ आहे. मी डोळे मिटून म्हटला आणि मावशी वर गेल्या. अशा वर गेल्या की वरून म्हणाल्या, “अगं, इथून पाट्या वाचता येतात!”

कार्यक्रमाच्या दिवशी मीच म्हटला. चादर उठली, घडी मोडली नाही, कुणी चुकलं नाही. उजवं-डावं न कळणाऱ्या आपल्या त्यासुद्धा बरोबर वळल्या आणि नंतर ढसाढसा रडल्या. दुसऱ्या प्रयोगाला तर गंमतच. शेजारच्या वर्गातल्या बायका पुढच्या रांगेत बसल्या होत्या, त्यांनी माझ्याबरोबर “हं” म्हटला. त्यांना वाटलं, तो आपल्या नाचाचाच भाग. आता जेवणाच्या रांगेत कुणी ताट उचललं की कुणीतरी “हं” म्हणतं. कुठल्या भाषेतला शब्द आहे, असं एकाने विचारलं. मी म्हटलं, आमच्या घरातला.

आज सकाळी समितीच्या बाईंनी समारोपाच्या घोषणेसाठी शिक्षकाचं नाव मागितलं. मी तोंड उघडायच्या आत शिट्टीने तुझं नाव सांगितलं, पूर्ण, आडनावासकट. मग माझ्याकडे वळून म्हणाला, “काकू, मला हा गट नको. म्हणजे हवाय, पण मॅडमच्या हाताखाली. मला उड्या येतात, हे येत नाही.” त्या क्षणी तू इथे असायला हवी होतीस. आयुष्यात मला अभिमान वाटावा अशा गोष्टी घडल्या, लेक पहिल्यांदा पगार घेऊन आला तेव्हाही वाटला होता. पण माझ्या घरातलं माणूस जिथे हजरही नाही, तिथे त्याच्यावाचून सगळ्यांचं अडतंय, हे मी कधी पाहिलं नव्हतं.

आता हे दुपारी सगळ्या पेंगत असताना का लिहितेय ते सांगते. फोनवर तू मला दोन वाक्यांत गप्प केलं असतंस, म्हणून कागदावर. डॉक्टर याचा फोटो काढून लगेच पाठवतील. शनिवारचं मैदान अफाट आहे, माझा आवाज चादरीच्या पलीकडच्या काठापर्यंतही पोचणार नाही. ध्वनिव्यवस्थेवरचा माणूस म्हणतो, आवाज पाठवा, संगीतात घालतो. तर तुझा ‘हं’ पाठव. पण मुद्दाम म्हणू नकोस, खोटा येईल. खुर्चीतच बस, चादरीचं एक टोक लेकाच्या हाती दे, दुसरं तू धर, शेजारी फोन सुरू ठेव आणि झटका. आपोआप येईल. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत तो त्या माणसाला हवाय. शनिवारी तो मैदानभर घुमेल आणि आम्ही तुझ्या आवाजावर मावशींना उचलू. रविवारी निघू. सोमवारी हॉलमध्ये चटया शिट्टी घालणार आहे, तुझ्यासाठी हात असलेली खुर्चीही तोच मांडणार आहे; करून तो दाखवेल, तू सांग. लेकाला सांगून ठेव, तुला हॉलवर वेळेवर सोडायचं आहे.

तुझीच,
आई