आप्पांच्या कानांचा फॉर्म

ती. ताईस,

धाकट्याचा नमस्कार. तुझी पाठ आणि भाऊजींचा खोकला आटोक्यात असतील असं धरून लिहायला घेतो. इकडे सगळे ठीक. आप्पांचे कान तर जरा जास्तच ठीक निघाले.

काल त्यांना आमच्या दवाखान्यात नेलं. (आठ वर्षं तिथली कान तपासायची यंत्रं दुरुस्त करतो आणि वडिलांचे कान राहिलेच, असं तुझी भावजय रोज ऐकवायची.) फॉर्म इंग्रजीत. तक्रारीच्या रकान्यात मी 'डज नॉट लिसन' असं ठोकून दिलं. डॉक्टरीणबाई हसायलाच लागल्या. "अहो, हा कानाचा आजार नाही, स्वभावाचा! इथे 'हिअर' लिहा."

मला गंमत वाटली. खोदून विचारलं, तेव्हा कळलं की हिअर म्हणजे नुसतं ऐकू येणं. कुत्रं भुंकलं की आपली इच्छा असो-नसो, कानावर पडतंच. लिसन म्हणजे लक्ष देऊन ऐकणं. ते माणूस करतो, किंवा करत नाही. मग कोर्टात 'हिअरिंग' का असतं, 'लिसनिंग' का नाही? (यावर बाईंनी पुढच्या पेशंटला हाक मारली.)

आप्पांना काचेच्या खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन, हातात बटण; आवाज ऐकू आला की दाबायचं. आवाज बारीक बारीक होत गेला, तरी आप्पा बटण दाबतच राहिले. मी म्हटलं, यंत्र बिघडलंय. बाई म्हणाल्या, "सकाळी तुम्हीच दुरुस्त केलंत ना?"

घरी येताना मी आप्पांना विचारलं, "मग दोन वर्षं आम्ही घसा फोडतोय तो कशाला?"

"मला वाटलं, तुम्हाला आवडतं," आप्पा म्हणाले. थोडं चालल्यावर हळूच म्हणाले, "बहिरा ठरल्यापासून तुम्ही जवळ येऊन, तोंडाकडे बघून बोलता. आधी मोबाइलकडे बघून बोलायचात."

मी हातातला मोबाइल खिशात टाकला. यावर काय बोलावं ते तुला सुचलं तर कळव.

तुझा,
धाकटा

ता. क. गेल्या महिन्यात आप्पांना कोणी ठेवून घ्यायचं यावर आपण फोनवर अर्धा तास वाद घातला. फोन स्पीकरवर होता, आप्पा शेजारच्या खुर्चीत. आपल्या दोघांच्याही अडचणी त्यांना तोंडपाठ आहेत. ताई, तू ये. एकट्याने त्यांची माफी मागायचा मला धीर होत नाही.

पुन्हा ता. क. आप्पांनी पत्र वाचलं. म्हणाले, "तिला कशाला दगदग? आपणच जाऊ." शनिवारच्या बसची दोन तिकिटं त्यांनी काढूनही आणलीत. माझं परतीचं आहे. त्यांच्या परतीच्या तिकिटाचं विचारलं, तर त्यांना ऐकू आलं नाही.